कड्यापाशी पॉलिश का सुटतं

लेकरा, काठी दुरुस्तीला घेऊन आलेलं गिऱ्हाईक बहुधा एकच सांगतं, की पॉलिश खराब निघालं. तू लगेच मान डोलावू नकोस. काठी हातात घे, उजेडाकडे धर, आणि पोपडा नेमका कुठून उचललाय ते बघ. दांड्याच्या मधोमध पॉलिश शाबूत असतं. सुटलेलं असतं ते कड्याच्या काठावर, पितळ किंवा चांदी जिथे लाकडाला भेटते त्या रेषेवर. एकाच डब्यातलं, एकाच हातानं लावलेलं पॉलिश एका जागी टिकलं आणि बोटभर अंतरावर सुटलं, तर दोष डब्यात शोधून काय मिळणार? त्या रेषेवर काय घडतं ते समजून घे, मग तुझ्या हातून गेलेली काठी लवकर परत येणार नाही.

आपल्याकडे लाकडाला धातूचं कडं घालायची रीत फार जुनी आहे. मुसळाच्या टोकाला लोखंडी वसवी, आधाराच्या काठीला खाली शेंबी आणि मुठीखाली पितळी कडं, बैलगाडीच्या चाकाला धाव. नांदेडला सचखंड हजूर साहिबच्या परिसरातल्या दुकानांत कृपाणी आणि भाले विकायला असतात. त्यांच्या मुठींवर आणि दांड्यांवरही धातूच्या पट्ट्या येतात. आता त्यात स्नूकरच्या आणि पूलच्या क्यूंची, म्हणजे खेळायच्या काठ्यांची, भर पडली आहे. स्नूकर तर आपल्याच देशात, १८७५ साली जबलपूरच्या छावणीत सुरू झालं. क्यूच्या जोडापाशी आणि बुडाच्या टोपीवर शोभेची बारीक कडी असतात, आणि त्यांच्यापाशी पॉलिश सुटायची कारणं म्हाताऱ्याच्या काठीहून वेगळी नाहीत. म्हणून मुसळापासून क्यूपर्यंत सगळ्यांना लागू पडतील असे हे कानमंत्र आहेत. काही आमच्या वडीलधाऱ्यांकडून आले, काही कामातून पक्के झाले.

पोपड्याची खालची बाजू वाच

दुरुस्तीची काठी आली की आधी पॉलिशपेपर लावू नकोस. सुरीच्या टोकानं एक पोपडा अलगद उचल आणि उलटा करून बघ. रोग तिथे लिहिलेला असतो.

पोपड्याची खालची बाजू स्वच्छ असेल आणि खाली धातू चकचकीत दिसत असेल, तर पॉलिशनं धातूला कधी धरलंच नव्हतं. धातू फार गुळगुळीत होता किंवा त्याच्यावर तेलकटपणा होता. खाली हिरवी भुकटी दिसली, तर घाम आत शिरला आणि पितळेला गंज चढला. चांदीवर तोच प्रकार काळा दिसतो. कड्याच्या काठाला लागून सुतासारखी पांढरी रेघ दिसली, तर जोड हलतोय. पोपड्याला चिकट किंवा दुधाळ थर लागून आला, तर गोंदाचं काम कच्चं आहे. कड्याभोवती फोड आले असतील, तर आत हवा, ओल किंवा थिनर अडकलं होतं. आणि धातू शाबूत राहून लाकडाच्या बाजूनंच पॉलिश सुटलं असेल, तर लाकडाचं स्वतःचं तेल आड आलं. सागात हे हमखास होतं.

एका काठीवर यातली दोन-तीन कारणं एकत्र सापडतील. गोंदात बारीक फट राहते, फटीतून घाम जातो, घामानं गंज येतो, गंज पॉलिशला खालून उचलतो. तू सुरुवातीचं कारण शोध. नुसता गंज पुसून वर नवा हात मारलास, तर पुढच्या पावसाळ्यात तीच काठी दारात उभी राहील.

लाकूड हलतं, कडं हलत नाही

सगळ्याच्या मुळाशी हे आहे. लाकूड लांबीला जवळजवळ बदलत नाही. जाडीला मात्र ते हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगतं आणि आटतं. सागवान ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वर्षवलयांच्या दिशेनं सुमारे ५.५ टक्के आटतं, आणि गाभ्याकडून सालीकडच्या दिशेनं त्याच्या निम्मं. सागवान तरी शांत लाकूड आहे. क्यूला वापरतात त्या कठीण मेपलचा पहिला आकडा १० टक्क्यांच्या जवळ जातो.

आता आपली हवा बघ. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो आणि वारा कोरडा ठाक असतो, तेव्हा उघड्यावरचं लाकूड ५-६ टक्के ओलाव्यापर्यंत उतरतं. श्रावणात झड लागली की तेच १६-१७ टक्क्यांकडे चढतं. हिशोब मांड. २५ मिलिमीटर जाडीची सागाची काठी या दोन टोकांमध्ये एका दिशेनं ०.५ मिलिमीटरपर्यंत बदलू शकते. पॉलिश ओलाव्याला उशीर लावतं, म्हणून पॉलिश केलेली काठी एवढी बदलत नाही. पण चौथा हिस्सा धरलास तरी ०.१ मिलिमीटरच्या वर जातं. तेवढ्याच मापाचं पितळी कडं २५ अंशांच्या फरकानं वाढतं ते ०.०१ मिलिमीटरच्या आसपास. आणि आपण जो पॉलिशचा थर चढवतो, तो बहुधा ०.१ मिलिमीटरही जाड नसतो.

एका घोंगडीखाली दोघं निजले आणि एकानं कूस बदलली, तर घोंगडी ताणली जाते ती दोघांच्या मधल्या जागेवर. पॉलिशचं तसंच आहे. दांड्यावर ते लाकडाबरोबर फुगतं-आटतं, तिथे ताण सगळीकडे वाटला जातो. कड्याच्या रेषेवर मात्र सगळा ताण एका केसाएवढ्या जागेत येतो. तिथे कितीही भारी पॉलिश असलं तरी ताणायला त्याच्याकडे लांबीच नसते. म्हणून ते तुटतं. तुटलेल्या जागेतून ओल शिरते, आणि मग पोपडा उचलायला वेळ लागत नाही.

ही हालचाल तुला बोटालाही कळेल. लाकडात जडवून सपाट केलेलं कडं असेल, तर श्रावणात लाकूड कड्याच्या वर आलेलं लागतं आणि उन्हाळ्यात कडं लाकडाच्या वर. बाहेरून चढवलेल्या शेंबीत उन्हाळ्यात फट पडते. ही पायरी किंवा फट सगळीकडे सारखी नसते. लाकूड एका दिशेनं दुप्पट आटतं, त्यामुळे गोल काठी किंचित लंबगोल होते, आणि कडं तर गोलच राहतं. म्हणून दोष समोरासमोरच्या दोन बाजूंना आधी दिसतो, जिथे लाकडाच्या सरळ, दाट रेषा असतात तिथे. तपासताना नजर आधी त्या दोन जागांवर ने.

लाकडाला दोन ऋतू बघू दे

किनवट-माहूरकडचं चांगलं सागवान मिळालं म्हणून लगेच खरादावर चढवू नकोस. हव्या त्या मापापेक्षा ४-५ मिलिमीटर जाड कातून ठेव आणि सावलीत, वारा लागेल असं उभं टांग. एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्याला बघू दे. मधे एकदा थोडं कातून परत टांग. वाकायचं असेल ते तिथेच वाकेल, कडं चढवल्यावर वाकणार नाही. चांगल्या क्यूचे कारागीर जगभर असंच थांबत थांबत कातत जातात.

वाळलं की नाही हे हात लावून ठरवू नकोस. ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घे, तुकड्यावर पेन्सिलीनं वजन आणि तारीख लिही, दर आठवड्याला पुन्हा तोल. वजन उतरायचं थांबलं आणि स्थिर राहिलं, म्हणजे लाकूड तुझ्या दुकानातल्या हवेशी जुळलं.

बाहेरून आलेल्या मालाची वेगळी काळजी घे. थंड देशातली लाकडं भट्टीत वाळवून, कोरडी होऊन येतात. ती आपल्या पावसात फुगतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बनलेली काठी लातूरला आली की आटते. अशा वस्तूवर आल्या आल्या काम करू नकोस. दोन-तीन आठवडे दुकानात राहू दे.

कडं बसवायचा हंगाम

मृगापासून दसऱ्यापर्यंत कडं बसवू नकोस. लाकूड फुगलेलं असतं, घट्ट बसलेलं कडं होळीनंतर खुळखुळायला लागतं. भर मे महिन्यात बसवणंही बरं नाही. तेव्हा लाकूड सगळ्यात बारीक असतं. त्याच्यावर घट्ट कडं चढवलंस की श्रावणात लाकूड आतल्या आत फुगतं, जागा मिळत नाही म्हणून त्याचे तंतू दबतात. दबलेले तंतू पुन्हा पूर्वीसारखे होत नाहीत, आणि पुढच्या उन्हाळ्यात कडं पहिल्यापेक्षा जास्त ढिलं होतं.

मुसळाची वसवी ढिली झाली की मुसळ पाण्यात ठेवायची जुनी रीत याच कारणानं अर्धीच कामाची आहे. कांडणापुरती वसवी घट्ट होते, पण प्रत्येक भिजण्यात लाकूड दबत जातं. गाडीच्या चाकाचं वेगळं. तिथे लोहार धाव तापवून लाल करतो, ती वाढते, मग चाकावर चढवून पाणी मारलं की आवळून बसते. ती पकड चाकाचे सगळे भाग दाबून धरण्यासाठी असते, आणि तिच्यावर कुणी पॉलिश मारत नाही. पॉलिशच्या कामात आवळून बसवण्यावर भरवसा ठेवू नकोस.

दिवाळी ते महाशिवरात्र हा आपला हंगाम. लाकूड तेव्हा दोन टोकांच्या मधे असतं, म्हणजे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात त्याला दोन्ही बाजूंना सारखंच हलावं लागतं. पॉलिशलाही हीच हवा मानवते. पावसाळी हवेत स्पिरिट किंवा थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्याच्यावर दव धरतं आणि पॉलिश पांढुरकं होतं.

गोंद पूर्ण पसरू दे, हवा कोंडू नकोस

कडं नुसतं काठावर गोंद लावून बसवू नकोस. आतून पोकळी राहिली, तर उन्हात तिथली हवा तापून पसरते आणि रेषेतून बाहेर यायला बघते. पॉलिशवर फोड येतो तो तिथूनच. कड्याच्या आत जाणाऱ्या, बारीक कातलेल्या लाकडावर एक-दोन उथळ चर लांबीनं पाड. जास्तीचा गोंद आणि हवा त्यातून बाहेर पडते, आणि गोंद सगळीकडे पोचतो.

गोंद म्हणून दोन भागांचा, अरल्डाइटसारखा, सावकाश वाळणारा घे. पाकिटावर दिलेल्या प्रमाणातच कालव. हार्डनर जास्त घातला की लवकर आणि जास्त पक्कं होतं, ही समजूत चुकीची आहे. प्रमाण बिघडलं की तो आतून मऊ राहतो, आणि मऊ गोंदावर कडक पॉलिश टिकत नाही. फेविक्विक एखादी बारीक फट शोषून घ्यायला चालतं, पण पूर्ण कडं त्याच्यावर सोडू नकोस. ते ठिसूळ असतं आणि आसपास पांढरी वाफ धरून बसतं.

कड्याची आतली बाजू चकचकीत ठेवू नकोस. खरखरीत पॉलिशपेपरनं आडवे-तिडवे ओरखडे पाड म्हणजे गोंदाला धरायला जागा मिळते. लाकडाचं कापलेलं तोंड, जे कड्याला जाऊन टेकतं, त्याला गोंदाचा पातळ हात आधी दे, ते पिऊन घेऊ दे, मग दुसरा हात देऊन कडं चढव. लाकडाचं कापलेलं तोंड बाजूपेक्षा कितीतरी पट वेगानं ओल पितं. पॉलिशही तेवढंच पितं, आणि म्हणून कड्याच्या काठावर पॉलिशचा थर नेहमी उपाशी राहतो. तोंड बंद केलंस की अर्धं काम झालं.

खरादावर घाई करू नकोस

कडं आणि लाकूड एका पातळीत आणताना पॉलिशपेपर लाकडाला जास्त खातो आणि पितळेला कमी. पेपर नुसता हातात धरलास तर कड्याच्या दोन्ही बाजूंना लाकडात खळगा पडतो आणि कड्याचा काठ टोकदार वर राहतो. ओलं पॉलिश टोकदार काठावरून स्वतःहून मागं सरतं, तिथला थर पातळ पडतो. म्हणून पेपर लाकडी पट्टीवर ताणून धर, आणि शेवटी कड्याच्या दोन्ही धारा जेमतेम मोडून टाक.

खराद जोरात फिरवून दाबून घासू नकोस. पितळ तापलं की त्याच्याखालचा गोंद मऊ पडतो. कड्याला बोट लावून बघत जा, बोटाला चटका जाणवला की थांब. शेवटचे हात खराद थांबवून लांबीनं दे, गोल ओरखडे राहिले की पॉलिशखालून दिसतात.

धातूची भुकटी लाकडाच्या रंध्रांत बसते. फिकट मेपलवर ती करडी दिसते. बाभळीसारख्या तुरट लाकडाला लोखंडाची भुकटी आणि ओल लागली की निळसर-काळा डाग पडतो, तो निघता निघत नाही. म्हणून कड्याच्या बाजूचं लाकूड आधी चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, पातळ हातानं बंद कर, मग धातू घास. भुकटी फडक्यानं चोळून पुसू नकोस. ब्रशनं झाड, फुंकणीनं उडव, मग पूस.

चमक शेवटी, पकड आधी

कडं आरशासारखं चमकवून मग त्याच्यावर पॉलिश चढवायचं, असं नव्या हाताला वाटतं. चमकवायच्या लेपात मेण आणि चरबी असते. त्याच्यावर कोणतंही पॉलिश धरत नाही. ब्रासोसारख्या द्रवाचं तसंच, त्याचे अंश काठाच्या फटीत बसून राहतात. पॉलिशखाली जाणारं कडं ३२० नंबरच्या पेपरनं एकसारखं धुरकट कर. वर पारदर्शक थर बसला की ते ओरखडे भरून निघतात आणि धातू पुरेसा उजळ दिसतो.

त्यानंतर स्वच्छ पांढरं फडकं थिनरमध्ये भिजवून पूस. फडकं एकाच दिशेनं ने आणि प्रत्येक वेळी नवी घडी घे, नाहीतर तेल फक्त इकडून तिकडे पसरतं. फडक्यावर डाग येणं थांबलं की पुसणं झालं. सागाचं लाकूडही असंच पूस आणि त्यानंतर लगेच, त्याच दिवशी पहिला हात दे. साग आतलं तेल पुन्हा वर आणतो. पुसल्यावर कड्याला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचा एक ठसा पितळेवर पुढे हिरवा डाग होऊन उठतो.

पहिला हात कशाचा

लाकूड आणि धातू दोघांनाही धरेल असा पहिला हात लागतो. चपडा ते काम चांगलं करतो. एक लिटर स्पिरिटला सुमारे १२० ग्रॅम चपडा, असा पातळ विरघळव आणि काचेच्या बरणीत ठेव. दोन-चार दिवसांत मेण खाली बसतं, वरचा नितळ द्रव अलगद काढून घे. मेण असलेल्या चपड्यावर पॉलियुरेथेन धरत नाही, हे लक्षात ठेव. विरघळवलेला चपडा जुना झाला की नीट वाळत नाही, म्हणून लागेल तेवढाच कर आणि बरणीवर महिना लिही. ज्या क्यूला शोभेची पाच-सहा कडी लागोपाठ आहेत, तिथे पातळ इपॉक्सीचा एक हात फडक्यानं पुसून दिला तर आणखी चांगलं. तो रेषा भरतो आणि सगळ्यांना एकत्र बांधतो.

वरचं पॉलिश निवडताना वस्तूचा वापर बघ. चपड्याचं फ्रेंच पॉलिश दिसायला देखणं, दुरुस्तीला सोपं, पण ७० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली क्यू फार तापते, तिथे ते टिकणार नाही. मेलामाइन पॉलिशच्या हार्डनरमध्ये आम्ल असतं, ते पितळेला आणि तांब्याला बाधतं. उघड्या कड्यावर ते थेट मारू नकोस, मधे बंद करणारा हात हवाच. दोन भागांचं पॉलियुरेथेन चिवट असतं, घामाला आणि उन्हाला चांगलं टिकतं, पण फवारताना तोंडाला साधं फडकं पुरत नाही. त्याची वाफ फुप्फुसाला घातक आहे. योग्य मास्क घे, दार-खिडकी उघडी ठेव. आणि जवसाचं तेल वापरलंस तर त्याचे बोळे कोपऱ्यात ढीग करून टाकू नकोस. ते वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळव.

सगळे हात पातळ दे. कड्यापाशी कमी पडलंय म्हणून एकदम जाड हात मारलास, तर वरची कातडी वाळते आणि खालचं थिनर अडकतं. चार पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही खरे. दोन हातांमध्ये डब्यावर सांगितलेला वेळ चुकवू नकोस, आणि जास्त वेळ गेला तर पुढच्या हाताआधी पेपर फिरव.

जिथे हलणार, तिथे पॉलिश तोडून ठेव

हा मंत्र सगळ्यांत महत्त्वाचा. दोन वेगळ्या चालीच्या वस्तूंवर एकच अखंड थर टिकवायचा हट्ट प्रत्येक वेळी धरू नये. आधाराची काठी, भाल्याचा दांडा, उन्हा-पावसात फिरणारी कोणतीही वस्तू असेल, तर कड्यावर पॉलिश चढवूच नकोस. कड्याच्या दोन्ही काठांना खरादावर बारीक, अर्धा मिलिमीटर खोल चर पाड. लाकडाचं पॉलिश त्या चरात उतरून संपू दे. लाकूड फुगलं-आटलं तरी थर ताणला जात नाही, चराची सावली ती हालचाल लपवते, आणि दिसायलाही कडं उठावदार दिसतं. धातू उघडा ठेव आणि वर मेणाचा हात दे. गिऱ्हाईक तो वर्षातून दोनदा घरीच देऊ शकतं.

क्यूला हातात सलग, गुळगुळीत पोत लागतो, तिथे चर नको. पण तिथेही पॉलिश पूर्ण वाळल्यावर, खराद हळू फिरवत, धारदार सुरीच्या टोकानं कड्याच्या दोन्ही रेषांवर नुसता स्पर्श करता येतो. थर रेषेवर सरळ तुटतो. पुढे हालचाल झाली तरी पोपडा वाटेल तिथे फाटत नाही. त्या रेषेत पातळ मेण भर म्हणजे घाम आत जाणार नाही. अगदी अखंड थर हवाच असेल, तर लाकूड पक्कं वाळलेलं, तोंडं बंद केलेली, गोंद पूर्ण पसरलेला आणि धातू स्वच्छ, या चारही गोष्टी झाल्या तरच तो दे.

नमुना आधी, माल नंतर

प्रत्येक नव्या पॉलिशसाठी त्याच लाकडाचा वीतभर तुकडा घे, तसंच एक कडं बसव, तसेच हात दे. आठवड्यानं कड्याच्या रेषेवर धारदार सुरीनं बारीक चौकटी पाड, चिकटपट्टी दाबून लाव आणि झटक्यात ओढ. पट्टीबरोबर चौकटी निघून आल्या, तर ते काम गिऱ्हाइकाच्या काठीवर करायचं नाही. मग तोच तुकडा काही दिवस ओल्या गोणपाटात आणि काही दिवस पत्र्याखालच्या उन्हात ठेव. वर्षभरात जे होणार, त्याचा अंदाज महिन्यात येतो.

दुरुस्ती करताना

सुटलेलं पॉलिश कडक, धरून बसलेल्या जागेपर्यंत मागं घे आणि काठ उतरता कर. गंज असेल तर तो पूर्ण काढ. कडं हातानं फिरत असेल तर वरून काही भरू नकोस, ते काढून परत बसव.

उन्हाळ्यात पडलेली फट उन्हाळ्यात कडक गोंदानं ठासून भरायची नाही. पावसाळ्यात लाकूड फुगेल आणि भरलेला गोंद आत-बाहेर जोर करेल. फट मापून ठेव आणि हिवाळ्यात भर. गिऱ्हाइकाला घाई असेल तर तेवढ्यापुरतं मेण भरून दे आणि दिवाळीनंतर यायला सांग. वस्तू फवाऱ्याच्या चकाकीच्या पॉलिशनं पुसलेली आहे का, ते आधीच विचार. त्यातल्या सिलिकॉनमुळे नव्या थरात गोल खळगे पडतात. अशी वस्तू थिनरनं अनेकदा पुसून, चपड्याचा हात देऊनच पुढे जा.

गिऱ्हाइकाला काय सांगशील

काठी देताना दोन मिनिटं बोलायला लाज वाटू देऊ नकोस. घाम लागला की कोरड्या फडक्यानं पुसायची. ओल्या फडक्यानं नाही. उन्हात, बंद गाडीत, पत्र्याला टेकून ठेवायची नाही. कडं चमकवायचं असेल तर कड्याच्या दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावून, थोडंसंच. आणि कड्यापाशी केसाएवढी रेघ दिसली की लगेच आणायची. रेघ असताना काम तासाभराचं असतं, पोपडा उचलल्यावर आख्खा दांडा उतरवावा लागतो. आयुष्यभर काही होणार नाही, असं वचन देऊ नकोस. लाकूड हलणार, हे खरं ते सांग. पुढच्या श्रावणानंतर एकदा दाखवून जा, तपासायचे पैसे घेणार नाही, हेही सांग. त्यातून गिऱ्हाइकाचा विश्वास वाढतो आणि तुझं शिक्षण होतं.

त्यासाठी एक वही ठेव. लाकूड कोणतं, वजन किती स्थिर झालं, कडं कोणत्या महिन्यात बसवलं, गोंद कोणता, हात किती आणि कशाचे, पॉलिश तोडलं की अखंड ठेवलं, हे प्रत्येक काठीचं लिही. परत आलेल्या काठीच्या पोपड्याखाली काय दिसलं तेही त्याच पानावर लिही. कोणतं लाकूड आणि कोणतं पॉलिश नांदेडच्या गोदाकाठी आणि लातूरच्या माळावर टिकतं, हे कोणत्याही डब्यावर छापलेलं नसतं. ते ह्या वहीतूनच कळेल, आणि तुझ्या हाताखाली उद्या जे लेकरू शिकायला येईल, त्याला तू ही वही आधी वाचायला दे आणि मग पटाशी हातात दे.